मॅकिन्टॉशचं गळकं घर

"मॅकिन्टॉश? ते तर आमच्या वॉर्डात असायचं," ही म्हणाली. "पेशंटच्या खाली अंथरायचं. रबराचं."

लेक स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून फोनवर होती. सप्टेंबरात तुम्ही आलात की मॅकिन्टॉशची घरं दाखवायची आहेत, एवढंच ती बोलली होती. हिची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली, त्यामुळे हिला चादरीखालचं रबरी कापड आठवलं. माझी नोकरी गेली लोकांच्या गळक्या गच्च्यांवर पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, ब्रिकबॅट कोबा, करून घेण्यात, त्यामुळे मला आठवला रेनकोटवाला. तोही ग्लासगोचाच, चार्ल्स मॅकिन्टॉश. दोन कापडांच्या मधे विरघळवलेल्या रबराचा थर देऊन त्याने पाणी अडवलं आणि १८२३ साली त्याचं पेटंट घेतलं. आमच्या धंद्याचा मूळपुरुषच म्हणायचा. हिच्या वॉर्डातलं कापडही त्याच्याच नावाचं.

"बाबा, तो नाही," लेक म्हणाली. "चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश. आर्किटेक्ट. आणि गंमत म्हणजे याचं सगळ्यात प्रसिद्ध घर गळतं."

हे ऐकल्यावर मी तिकिटांची चौकशी सुरू केली.

जाण्याआधी थोडं वाचलं. जन्म ग्लासगोचा, १८६८. वडील पोलिसात. दिवसा आर्किटेक्टच्या हाताखाली उमेदवारी आणि संध्याकाळी आर्ट स्कूलचे वर्ग, असं शिकलेला माणूस. त्याच स्कूलमध्ये मार्गारेट मॅकडॉनल्ड भेटली, १९०० मध्ये लग्न झालं. पंचविशी-तिशीत त्याने शहराचा चेहरा बदलणाऱ्या इमारती काढल्या, व्हिएन्नात त्याचं कौतुक झालं आणि चाळिशी ओलांडताना हातातलं काम सुटत गेलं. बांधून पुऱ्या झालेल्या इमारती तशा मोजक्याच आणि त्यातल्या बहुतेक ग्लासगो आणि आसपास. चार दिवसांत होईल, असा माझा हिशेब. लेकीने आठवडा धरला. तिचाच हिशेब बरोबर निघाला, कारण कुठे ठरावीक वारीच उघडं, कुठे वेळ घेऊन जायचं. एका सकाळी तर मी मंगळवार समजून सगळ्यांना सोमवारी बाहेर काढलं. बंद दारासमोर उभं राहून हिने पिशवीतले मेथीचे ठेपले काढले आणि काही न बोलता माझ्या हातात एक दिला. न बोलणं जास्त लागतं.

पहिल्या दिवशी आर्ट स्कूल. म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते.

रेनफ्र्यू स्ट्रीट चढून गेलो. समोर परांच्या आणि झाकलेलं कापड, त्यामागे कुठेतरी दगडी भिंत. ही इमारत दोन टप्प्यांत उभी राहिली, १८९७ ते १८९९ आणि मग १९०७ ते १९०९. पहिली आग लागली २३ मे २०१४ ला. एका विद्यार्थ्याच्या कामात फोम वापरलेला, त्याच्या वायूने प्रोजेक्टरच्या उष्णतेशी पेट घेतला आणि लाकडी लायब्ररी संपली. मग दुरुस्ती सुरू झाली, लायब्ररीचं लाकूडकाम पुन्हा जसंच्या तसं करायला घेतलं. ते काम चालू असतानाच १५ जून २०१८ च्या रात्री दुसरी आग लागली आणि पहिल्या वेळी जे वाचलं होतं तेही गेलं. अग्निशमन दलाचा अहवाल आला २०२२ मध्ये: कारण सांगता येत नाही.

मी तिथे बराच वेळ थांबलो. मॅकिन्टॉशने या इमारतीत हवा खेळवण्यासाठी भिंतींतून उभ्या पोकळ्या ठेवल्या होत्या. गरम हवा खालून वर न्यायची व्यवस्था, त्या काळात फार पुढची. २०१४ ची आग वर पसरली ती त्याच पोकळ्यांतून. आमच्याकडे लिफ्टच्या आणि पाइपांच्या डक्टमधून आग कशी चढते ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे परांच्यांकडे बघताना मला कलेपेक्षा त्या पोकळ्याच दिसत होत्या. समोरच्या फुटपाथवर दोन मुलं रेखाटनाच्या वह्या घेऊन बसली होती. काढत होती मात्र परांच्याच.

"म्हणजे पहिलंच बघायचं नाहीच?" हिने विचारलं.

"चहा पिऊ," लेक म्हणाली.

चहाही मॅकिन्टॉशकडेच. सॉकीहॉल स्ट्रीटवरचं विलो टी रूम्स. सॉकीहॉल या नावातच जुन्या स्कॉट भाषेतलं विलोचं झाड आहे, म्हणून हॉटेलचं नाव विलो आणि आतल्या सगळ्या नक्षीत त्या झाडाची लांब खाली झुकलेली पानं. केट क्रॅन्स्टन नावाच्या बाईंनी १९०३ मध्ये हे सुरू केलं. दारूबंदीची चळवळ जोरात होती, शहरातल्या बायकांना एकट्याने जाऊन बसता येईल अशी जागा हवी होती, आणि या बाईंना व्यवसायाची नजर होती. त्यांनी मॅकिन्टॉशला चमच्यापर्यंत सगळं ठरवू दिलं. आपल्याकडे एवढं स्वातंत्र्य फक्त सासूबाईंना मिळतं, असं ही म्हणाली.

पहिल्या मजल्यावर रस्त्याकडेची खोली, सॅलॉन द लक्स. रुपेरी उंच पाठींच्या खुर्च्या, जांभळी गादी, भिंतीवर आरशांच्या आणि रंगीत काचांच्या पट्ट्या, आणि दार असं की जडावाचा दागिनाच. इथे त्या काळीही चहाला खालच्यापेक्षा जास्त पैसे पडत. एका भिंतीवर मार्गारेटने केलेलं गेसोचं चित्र आहे. गेसो म्हणजे खडूची पूड आणि सरस यांचा लगदा, त्याचे उठावदार थर आणि दोरीसारख्या रेषा. मी जवळ जाऊन पाहिलं. आमच्या गिलाव्याच्या मिस्त्रीला दाखवावं असं काम. मग लेकीने सांगितलं की ही प्रतिकृती, मूळ चित्र केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये आहे. आणि आपण बसलोय त्या खुर्च्याही नव्या. हे सगळं २०१८ मध्ये पुन्हा उभं केलेलं.

"मग जुनं काय आहे?"

"जागा," ती म्हणाली. "आणि खिडकीतून येणारा उजेड."

खुर्ची छान होती, बसायला मात्र ताठ. माझ्या कमरेने दहा मिनिटांत निकाल दिला. इराण्याच्या खुर्चीत मी दोन तास बसू शकतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही सबवेने हिलहेडला गेलो. ग्लासगोची सबवे १८९६ सालची, एकच वर्तुळ, पंधरा स्टेशनं. चुकून उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि तरीही पोचलो, फक्त पाऊण शहर फिरून. मला ही व्यवस्था फार आवडली. आपल्या लोकलला अशी सोय असती तर माझी कितीतरी लेट मस्टर वाचली असती.

तिथे विद्यापीठाच्या हंटेरियन आर्ट गॅलरीला चिकटून मॅकिन्टॉश हाऊस आहे. बाहेरून पाहिलं तर काँक्रीटची भिंत, आणि तिच्यात जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एक घराचं दार. पायऱ्या नाहीत. उघडलं तर माणूस रस्त्यावरच पडेल. हे मॅकिन्टॉश नवरा-बायकोच्या स्वतःच्या घराचं दार. जवळच्याच रस्त्यावर त्यांचं घर होतं, १९०६ ते १९१४ ते तिथे राहिले. पुढे ते घर त्यांच्या ओळखीच्या डेव्हिडसन कुटुंबाने घेतलं म्हणून आतलं सामान शाबूत राहिलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाने घर पाडलं, पण त्याआधी दारं, चौकटी, शेगड्या, जिना काढून ठेवला. १९८१ मध्ये नव्या काँक्रीटच्या पोटात त्या खोल्या त्याच क्रमाने, खिडक्यांची तोंडं पूर्वीच्याच दिशांना ठेवून पुन्हा मांडल्या.

आत शिरताना मनात अढी होती. पाडलेलं घर म्हणजे पाडलेलं. डोंबिवलीत आमच्या जुन्या चाळीचा टॉवर झाला तेव्हा बिल्डरने लॉबीत चाळीचा फोटो लावला होता, त्या जातीचं काहीतरी असणार, असं वाटलं. पण जेवणाची खोली बघितली, गडद तपकिरी, जवळजवळ अंधारी, आणि तिथून जिना चढून दिवाणखान्यात पाऊल टाकलं तर एकदम पांढरं. भिंती, पडदे, कपाटं, गालिचा, सगळंच दुधासारखं. बाहेर तेव्हा कोळशाच्या धुराचं शहर. जहाजं, इंजिनं, काजळी. त्या शहराच्या मधोमध ही खोली. डोळे क्षणभर मिटले गेले.

"हे पांढरं धुवायचं कोण?" हिने कुजबुजत विचारलं. तीस वर्षं वॉर्डातल्या चादरी मोजलेल्या बाईचा प्रश्न. तिथल्या ताईंना ऐकू गेलं, अर्थ लेकीने सांगितला, तशा त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. शेगडीपाशी दोन छोट्या उशा ठेवलेल्या आहेत. त्या मांजरांच्या. पर्शियन मांजरं होती त्यांची, करडी. पांढऱ्या खोलीत करडी मांजरं पाळणाऱ्या जोडप्याबद्दल हिचं मत त्यानंतर जरा मऊ झालं.

इथेच पुढची गोष्ट कळली. १९१४ मध्ये दोघं ग्लासगो सोडून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर गेले. युद्ध सुरू झालेलं, हा परका उच्चार करणारा माणूस संध्याकाळी समुद्रावर एकटा फिरतो, घरी व्हिएन्नाची पत्रं, म्हणून गावाने त्याला जर्मन हेर ठरवलं. नंतर लंडन, नंतर फ्रान्सच्या दक्षिणेला जलरंगांची चित्रं, आणि १९२८ मध्ये लंडनलाच शेवट, जिभेच्या कॅन्सरने. मार्गारेट १९३३ ला गेली. त्यांच्या मागे उरलेल्या सगळ्या सामानाची, चित्रं आणि खुर्च्या धरून, किंमत लागली ८८ पौंड आणि वर काही शिलिंग. हा आकडा ऐकून ही खाली गेली आणि बाकावर बसून राहिली.

क्वीन्स क्रॉस चर्चबद्दल दोनच ओळी. त्याने बांधलेलं एकमेव चर्च, १८९९ चं, आता मॅकिन्टॉश सोसायटीचं ठाणं. वर लाकडी छत उलट्या होडीसारखं, आणि ते बाहेर फाकू नये म्हणून आडव्या टाकलेल्या पोलादी तुळया, न झाकता, न रंगरंगोटी करता. देवळात असं उघडं पोलाद ठेवायला धाडस लागतं. मी मान वर करून इतका वेळ उभा होतो की एका आजोबांना मी प्रार्थना करतोय असं वाटलं. बेलाहूस्टन पार्कमधलं हाऊस फॉर ॲन आर्ट लव्हरही पाहिलं. १९०१ च्या एका जर्मन स्पर्धेसाठी त्याने काढलेले नकाशे, बांधून पुरं झालं १९९६ मध्ये. सुंदर आहे. पण कोणी न राहिलेलं घर, त्याला मी काय विचारणार?

शेवटचा दिवस हेलेन्सबरासाठी.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीटहून गाडी, पाऊण तास, डाव्या हाताला क्लाइड नदी रुंद होत समुद्र होते. हेलेन्सबराला दोन स्टेशनं आहेत. वरचं घराला जवळ, खालचं गावात. आम्ही अर्थात खालच्यावर उतरलो. मग चढ. सरळ, न वळणारा, दीड मैलाच्या आसपास, आणि पाऊस. आपला पाऊस येतो तेव्हा सांगून येतो. हा पाऊस नव्हताच, हवेत ओल लटकत होती आणि आम्ही तिच्यातून चालत होतो. हिने छत्री मिटली आणि म्हणाली, उघडून तरी काय उपयोग, खालून पण भिजतेय.

आणि मग झाडांच्या वर तो पिंजरा दिसला.

हिल हाऊस. १९०२ ते १९०४. ग्लासगोचे प्रकाशक वॉल्टर ब्लॅकी यांच्यासाठी बांधलेलं. त्या घराभोवती आता पोलादी सांगाडा, वर पक्कं छप्पर आणि चारी बाजूंना कड्यांची जाळी, जुन्या शिपायांच्या चिलखतासारखी. तीन कोटींहून जास्त कड्या आहेत म्हणे. २०१९ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने हे उभं केलं. पाऊस बराचसा जाळीवर अडतो, वारा मात्र आत जातो. घर मधे उभं राहून वाळतंय.

मी पाहिल्याबरोबर म्हणालो, "अगं, ही तर झड!"

आमच्या रत्नागिरीकडच्या घराला मिरगाच्या आधी पडवीच्या बाजूने झापांच्या झडी बांधायचे. माडाच्या झावळ्या विणून केलेली झापं, बांबूला बांधलेली, भिंतीपासून हातभर लांब. पावसाचा मारा झापांवर, वारा मधून फिरणार, मातीची भिंत शाबूत. दिवाळीला सोडायच्या. आमच्या आजोबांना याचं पेटंट घ्यायचं सुचलं नाही, एवढंच. लेकीने हे तिथल्या स्वयंसेवक काकांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही दरवर्षी बांधायचात, आम्ही शंभर वर्षांनी बांधली.

रोग काय झाला तेही त्यांनी सांगितलं, आणि मग आमची जी जमली ती जमली. स्कॉटलंडमध्ये जुन्या घरांना बाहेरून चुन्याचा खरबरीत गिलावा करत. चुना ओल घेतो आणि सोडतो. मॅकिन्टॉशला हव्या होत्या स्वच्छ, सपाट, एकसंध भिंती, म्हणून त्याने चुन्याऐवजी पोर्टलंड सिमेंट वापरलं. शिवाय कठड्यांवरच्या, धुराड्यांवरच्या दगडी टोप्या, म्हणजे कोपिंग, आणि पुढे आलेल्या कडा, ज्या पाणी भिंतीपासून दूर टाकतात, त्या त्याने बऱ्याच ठिकाणी गाळल्या. रेष बिघडते म्हणून. सिमेंटला केसासारख्या भेगा गेल्या. भेगेतून पाणी आत गेलं. सिमेंट ते बाहेर सोडेना. मागचा वाळूचा दगड आणि विटा शंभर वर्षं पाणी पीत राहिल्या.

हे मी किती वेळा पाहिलंय! पुण्यातले चुन्यातले वाडे, कोकणातली चिऱ्याची घरं, मालकाला वाटतं आता मजबुती करू, आणि तो वरून सिमेंटचं प्लास्टर मारतो. दोन पावसाळ्यांत आतून पापुद्रे सुटतात. मग आम्हाला बोलावतात आणि म्हणतात, साहेब, अजून एक थर मारा. आपल्याकडे निदान आठ महिने ऊन असतं, भिंतीला दम मिळतो. इथे तो नाही. बारमाही श्रावण, तोही उन्हाशिवायचा.

"तुम्ही काय केलं असतं?" काकांनी विचारलं.

"कोपिंग बसवलं असतं आणि आर्किटेक्टशी भांडलो असतो."

"ब्लॅकी नाही भांडले," ते म्हणाले.

आत गेल्यावर कळलं का नाही भांडले. दारातून शिरताच उजेड कमी, गडद लाकूड, त्यात मधेच छोटे रंगीत चौकोन. दाराजवळच लायब्ररी, म्हणजे धंद्याच्या माणसाने तिथेच बसावं, घरात पुढे येऊ नये. आपली पडवी आणि ओटी, दुसरं काय? दिवाणखान्यात शेगडीभोवती हिवाळ्याची बैठक, आणि बागेकडे भिंत बाहेर ढकलून केलेल्या काचेच्या कोनाड्यात उन्हाळ्याची. लांब बाक, दोन्ही टोकांना मासिकं ठेवायची जागा. तिथून खाली क्लाइड. ही त्या बाकाकडे बघत म्हणाली, "इथे मी पेपर वाचला असता," आणि लगेच दोरी दिसली, बसायला मनाई. भिंतींवर गुलाबांचे छाप, शेगडीच्या वर मार्गारेटचं गेसो, झोपलेली राजकन्या. हे मात्र मूळचं, इथेच राहिलेलं. वर झोपायची खोली पांढरी, पलंगावर कमानीचं छत, आणि पांढऱ्या भिंतीला एक उंच काळी शिडीसारखी खुर्ची. त्या खुर्चीवर बसण्यासारखं काही नाही. ती तिथे आहे कारण ती नसती तर खोली उडून गेली असती. मी सिव्हिलचा माणूस, असली वाक्यं मला शोभत नाहीत, पण तसंच वाटलं.

घर ताब्यात देताना मॅकिन्टॉश काय म्हणाला ते ब्लॅकींनी लिहून ठेवलंय: हा इटालियन व्हिला नाही, इंग्रजी हवेली नाही, स्विस बंगला नाही, स्कॉच किल्लाही नाही, हे राहायचं घर आहे. ब्लॅकी त्यात मरेपर्यंत राहिले.

पिंजऱ्याच्या आतून जिने आणि पूल आहेत, त्यावरून घराच्या छपरापेक्षा वर जाता येतं. तिथून धुराडी, पन्हळी, कठड्यांचे माथे सगळं हाताच्या अंतरावर. घराचं असं डोकं बघायला मिळतं ते फक्त गवंड्याला. मी चुका मोजल्या. सात सापडल्या. बाजूने जाळीच्या कड्या वाऱ्यावर बारीक वाजत होत्या आणि पलीकडून तोच न पडणारा पाऊस. लेक म्हणाली, बाबा, चला, गाडी आहे. आणखी दहा मिनिटं मागून घेतली.

निघताना काकांनी सहज सांगितलं, ब्लॅकींची कंपनी तुमच्याकडेही होती, मुंबईला. शाळेची पुस्तकं छापायचे.

ऑक्टोबरात परत आल्यावर गावी गेलो तेव्हा माळ्यावरची ट्रंक उघडली. वडिलांची आणि त्यांच्या थोरल्या भावाची पुस्तकं त्यात आहेत हे माहीत होतं. तिसऱ्या थरात इंग्रजी वाचनाचं एक पुस्तक मिळालं, कापडी बांधणीचं. पहिल्या पानावर खाली छापलेलं: ब्लॅकी अँड सन लिमिटेड, लंडन, ग्लासगो अँड बॉम्बे. कोपऱ्यात काकांची सही शाईत, फुटलेली. पानं एकमेकांना चिकटलेली, कडेने तपकिरी डागांची रांग, कसरीने दोन ठिकाणी बोगदे पाडलेले.

"ओल लागलीये," ही म्हणाली आणि पुस्तक उघडं करून अंगणात, पापडांच्या शेजारी उन्हात ठेवलं.